गुडघ्यामागची धमनी

घरातला औषधांचा डबा एकदा उघडून बघा. साठी ओलांडलेल्या माणसाच्या घरी तो बहुधा श्रीखंडाचा जुना डबा असतो. त्यात रक्तदाबाची गोळी असते, साखरेची असते, कधी रक्त पातळ ठेवणारी असते. आणि तळाशी एक अर्धवट वापरलेलं पाकीट असतं, 'गुडघ्याची गोळी'. वरच्या गोळ्या डॉक्टरांनी तपासून दिलेल्या, तळातली मेडिकलच्या दुकानातून तोंडी सांगून आणलेली. एकाच डब्यात राहतात, पण त्यांचं एकमेकींशी पटतं का, हे कोणी विचारलेलं नसतं.

गुडघा हाडांच्या डॉक्टरांचा आणि रक्तवाहिन्या हृदयाच्या डॉक्टरांच्या, अशी शरीराची वाटणी आपण करून टाकली आहे. फायलीसुद्धा दोन ठेवतो. पण सांध्यांची झीज आणि रक्तवाहिन्यांची तब्येत यांच्यात बरीच देवाणघेवाण चालते. ती कशी चालते, त्यातलं काय पक्कं आहे, कुठे नुसता संशय आहे आणि आपण कुठे चुकतो, ते टप्प्याटप्प्याने बघू. त्यासाठी वैद्यकाचं ज्ञान लागत नाही.

सुरुवात नावापासून. ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे सांध्यांची झीज. आपण त्याला सरसकट 'संधिवात' म्हणतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो, कारण त्या एका शब्दात अनेक आजार कोंबलेले असतात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो रुमॅटॉइड आर्थ्रायटिस वेगळा आणि त्याची औषधंही वेगळी. इथे आपण वयाबरोबर येणाऱ्या झिजेबद्दलच बोलतो आहोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे ५२.८ कोटी लोकांना ती होती आणि सर्वांत जास्त वेळा ती गुडघ्यात होती.

रक्त नसलेली गादी

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात, तिथे दोन्ही हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत, पांढुरकं अस्तर असतं. त्याला कूर्चा म्हणतात. 'गादी झिजली आहे' असं डॉक्टर सांगतात ती बहुतेक वेळा हीच. गुडघ्यात तिची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर असते, वाटीच्या मागे थोडी अधिक.

या कूर्चेत एकही रक्तवाहिनी नसते. मज्जातंतूही नसतात. म्हणून ती झिजायला लागते तेव्हा सुरुवातीला काहीच दुखत नाही आणि झिजल्यावर ती नीट भरूनही येत नाही. बोट कापलं तर खपली धरते, खालून नवी कातडी येते, कारण दुरुस्तीचं सामान रक्त घेऊन येतं. कूर्चेपर्यंत ती वाटच नाही. विल्यम हंटर या शरीररचनातज्ज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे कूर्चेवर निबंध मांडला. नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, हे त्यात नोंदवलेलं आहे. पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी त्या वाक्यात फारसा बदल करावा लागलेला नाही.

मग ही कूर्चा जगते कशावर? सांध्याला आतून एक पातळ पडदा असतो. त्या पडद्यात केशवाहिन्यांचं, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं, दाट जाळं असतं. रक्तातलं पाणी, साखर आणि क्षार त्यातून गाळले जाऊन सांध्यात उतरतात, पडदा त्यात स्वतःचा एक चिकट पदार्थ मिसळतो आणि तयार होतं ते सांध्याचं वंगण. निरोगी गुडघ्यात ते चहाच्या एका चमच्याएवढंही नसतं. 'वंगण संपलं' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सायकलची चेन आणि तेलाची बुधली येते. पण हे वंगण रक्तातूनच येतं, रोज नवं होतं, आणि कूर्चेचं जेवणही तेच असतं.

हे जेवण कूर्चेला आयतं मिळत नाही. पाऊल टाकलं की ती स्पंजासारखी दाबली जाते आणि आतलं पाणी बाहेर येतं. पाऊल उचललं की ताजं वंगण आत शोषलं जातं. चालणं हीच तिची पंगत. गुडघा दुखतो म्हणून महिनाभर पलंगावर बसून काढला, तर विश्रांती आपल्याला मिळते आणि उपास कूर्चेला घडतो.

थोडं पोषण खालूनही येतं. कूर्चेच्या लगेच खाली जो हाडाचा थर असतो तो रक्ताने चांगला भरलेला असतो आणि त्यातून काही पदार्थ कूर्चेच्या तळाशी झिरपतात. कुंडीला वरून पाणी घालावं आणि खालच्या बशीतूनही थोडं चढावं, तसं. वरचं पाणी काय आणि खालचं काय, दोन्ही येतं शेवटी रक्तवाहिन्यांमधूनच. स्वतः बिनरक्ताची असलेली ही गादी म्हणूनच रक्तवाहिन्यांवर एवढी अवलंबून असते.

नळ आतून गंजतो तेव्हा

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो, एका पेशीच्या जाडीचा. याला अंतःस्तर म्हणू. पूर्वी तो नुसता गिलावा समजला जायचा. पण तो कामकरी आहे. तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी थोड्या प्रमाणात तयार करतो. त्याने रक्तवाहिनी सैल होते आणि रक्ताच्या गुठळ्या धरत नाहीत. या शोधाला १९९८ सालचं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब, तंबाखू आणि पोटातली चरबी या अंतःस्तराला हळूहळू बिघडवतात. मग भिंतीत चरबीचे थर बसतात, धमनी कडक होते, बारीक शाखांमध्ये रक्त कमी पोचतं. तंबाखूत बिडी-सिगारेट आली, तशी मशेरीही आली.

पोटातली चरबी नुसती पडून नसते. ती दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते. दाह म्हणजे जखम झाल्यावर येते तशी सूज, फक्त ही धुमसत राहते, दिसत नाही. तीच रसायनं धमनीच्या भिंतीला लागतात आणि तीच गुडघ्यातल्या पडद्यालाही. आपण समजतो की वजनाने गुडघा झिजतो तो केवळ भारामुळे. भार आहेच. पण स्थूल माणसांमध्ये हाताच्या बोटांचे सांधे झिजण्याचं प्रमाणही जास्त आढळतं, आणि हातांवर तर कोणी चालत नाही. तेव्हा रक्तातून जाणारी ही दुसरी वाटही आहे.

हाडातली तुंबलेली मोरी

रक्त आत येणं जितकं महत्त्वाचं तितकंच ते बाहेर जाणंही. हाड ही बंद खोली आहे, सूज आली तरी फुगायला जागा नाही. मोरीचा निचरा तुंबला की पाणी जसं वर चढतं, तसा हाडातून रक्त परत नेणाऱ्या शिरांचा निचरा मंदावला की आतला दाब वाढतो. १९७० च्या दशकात स्कँडिनेव्हियातल्या शल्यचिकित्सकांनी झिजलेल्या खुब्याच्या हाडातला दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा शिरा तुंबलेल्या आणि दाब वाढलेला आढळला. रात्री अंथरुणावर स्वस्थ पडलेलं असताना आतून ठणकतं, त्यामागचं एक कारण हे मानलं जातं.

आजच्या एमआरआयमध्ये कूर्चेखालच्या हाडात सुजेचे पांढुरके डाग दिसतात. हे डाग ज्यांच्यात मोठे, त्यांच्यात दुखणंही जास्त आणि झीजही वेगाने, असा अनुभव आहे. रक्तपुरवठा अडखळल्यामुळे हाडाचे बारीक भाग मरतात, शरीर ते घाईघाईने बुजवतं, हाड टणक होतं आणि वरच्या कूर्चेला बसणारे हादरे वाढतात, असा यामागचा तर्क आहे. २००५ साली कोनाहन, वनहरांता आणि डीप या तीन संशोधकांनी एका वैद्यकीय नियतकालिकात सरळ प्रश्न विचारला: वाढत जाणारी सांध्यांची झीज हा मुळात रक्तवाहिन्यांत चरबी साठण्याचाच आजार तर नाही? शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. ते अजून पुसलेलं नाही.

पुढचा टप्पा मात्र थोडा चकवणारा आहे. इतका वेळ आपण रक्त पोचत नाही म्हणून तक्रार करत होतो. झीज वाढली की सांध्यातला दाह नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणं धाडतो, आणि त्या नको तिथे येतात. खालच्या हाडातून वर चढून त्या थेट कूर्चेत घुसतात आणि सोबत मज्जातंतूही नेतात. जिथे दुखण्याची सोयच नव्हती तिथे दुखणं पोचतं.

यावर एक उपचार निघाला आहे. गुडघ्याभोवतीच्या या नव्या बारीक रक्तवाहिन्या नळीतून औषधाचे कण सोडून बंद करायच्या. जपानच्या युजी ओकुनो यांनी २०१५ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही त्याच्या जाहिराती दिसतात. पण नुसतं उपचाराचं नाटक करून केलेल्या तुलनेत त्याचे निकाल सगळीकडे सारखे आलेले नाहीत. ज्यांनी अजून नीट व्यायामही करून पाहिलेला नाही त्यांनी तिकडे धाव घेऊ नये, असं माझं मत.

कावळा आणि फांदी

आता पुरावा बघू. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या एका उपनगरात १९९० पासून हजारो ज्येष्ठ नागरिकांच्या तब्येतीची नोंद ठेवली जाते. तिथे ज्या स्त्रियांच्या मानेतल्या धमनीची भिंत जाड होती, त्यांच्यात गुडघ्याची झीज जास्त आढळली. आइसलंडमध्ये रेक्याविकच्या अभ्यासात हाताच्या सांध्यांची तीव्र झीज असलेल्या वृद्ध स्त्रियांच्या धमन्यांत चरबीचे थर जास्त होते. दोन्हीकडे संबंध स्त्रियांमध्ये ठळक दिसला. पाळी गेल्यानंतर सांधे आणि रक्तवाहिन्या दोन्ही एकदमच कुरकुरायला लागतात, हे आपल्या घरातल्या बायका कोणत्याही अभ्यासाआधीच सांगत होत्या.

पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडू शकते. वय, वजन आणि साखर ही दोन्ही आजारांची सामाईक कारणं. ती वजा केली तरी थोडा संबंध उरतो, एवढंच खात्रीने म्हणता येतं. रक्तवाहिन्यांचं औषध दिलं की गुडघा सुधारतो का, हेही ऑस्ट्रेलियात तपासून झालं. कोलेस्टेरॉल उतरवणारं ॲटोरव्हास्टॅटिन दोन वर्षं दिलं, कूर्चेची झीज थांबली नाही. तेव्हा 'रक्ताभिसरण सुधारा, गुडघा नवा करा' असं कोणी विकायला आलं तर हात जोडून निरोप द्या.

उलट दिशेचा रस्ता मात्र बराच पक्का आहे: दुखरा गुडघा रक्तवाहिन्यांचं नुकसान करतो. तो दोन वाटांनी.

पहिली वाट चालणं सुटण्याची. हे एका दिवसात होत नाही. आधी मंडई बंद होते, मग देवळाच्या पायऱ्या, मग संध्याकाळचा कट्टा. शेवटी गॅलरीतली खुर्ची उरते. चालण्याने रक्ताचा जो प्रवाह अंतःस्तरावरून खळाळत जातो, तोच त्याला नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावतो. पोटऱ्यांचे स्नायू आवळले जातात तेव्हा शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. दोन्ही थांबतं. वजन वाढतं, साखर वाढते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खुबा-गुडघ्याची झीज असलेल्यांपैकी ज्यांना चालणं जास्त अवघड जात होतं, त्यांना पुढे हृदयविकाराचा त्रास जास्त झाला होता.

तळातलं पाकीट

दुसरी वाट गोळीची. इथे जरा थांबू, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच घराण्यातली औषधं आहेत. त्यांना दाहशामक वेदनाशामक म्हणतात, म्हणजे सूज आणि दुखणं दोन्ही उतरवणारी. ती एक विशिष्ट रसायन बनणं थांबवतात. गुडघ्यात त्यामुळे आराम पडतो. पण त्याच रसायनाचा एक भाऊ रक्तवाहिनीच्या भिंतीत गुठळी होऊ न देण्याचं काम करत असतो. त्याचंही काम बंद पडतं. शिवाय मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि वरचा रक्तदाब सरासरी ३ ते ५ अंकांनी चढतो.

हा धोका पुस्तकी नाही. रोफेकॉक्सिब हे याच घराण्यातलं औषध हृदयविकाराचा धोका वाढतो असं दिसल्यावर ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरातून मागे घेतलं गेलं. २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी हृदयविकार, पक्षाघात किंवा पायाच्या धमन्यांचा आजार असलेल्यांनी डायक्लोफेनॅक घेऊ नये असं सांगितलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या नियामकांनी इशारा आणखी कडक केला: धोका पहिल्या काही आठवड्यांतही असू शकतो. आपल्याकडे गिधाडं नाहीशी झाली ती याच डायक्लोफेनॅकने. औषध दिलेल्या गुरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरं. पण मूत्रपिंडावर जोर पडतो तो आपल्याही.

कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबियात २०१९ मध्ये एक हिशेब मांडला गेला. सांध्यांची झीज असलेल्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचा जो जादा धोका दिसतो, त्याचा सुमारे ४१ टक्के भाग या गोळ्यांच्या वाटेने येतो असं त्यात निघालं.

आता डब्यातली भांडणं बघा. ॲस्पिरिनची छोटी गोळी हृदयासाठी चालू असेल आणि तिच्याआधी आयबुप्रोफेन घेतली, तर एसटीत रुमाल टाकून सीट अडवावी तशी आयबुप्रोफेन ॲस्पिरिनची जागा अडवते. ॲस्पिरिन येते आणि काम न करता निघून जाते. क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असताना वेदनाशामक घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. काळी, डांबरासारखी शौचाला झाली तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना.

तिसरं भांडण सर्वांत कमी ठाऊक असलेलं. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या औषधाचं नाव 'प्रिल' किंवा 'सार्टन'ने संपतं त्या, सोबत लघवी वाढवणारं औषध, आणि वर वेदनाशामक: या तिघांनी मिळून मूत्रपिंड एकाएकी बसू शकतं. पहिली दोन औषधं बरेचदा एकाच गोळीत असतात. नावाच्या शेवटी 'एच' हे अक्षर असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. मे महिन्याच्या उन्हात किंवा जुलाब लागलेले असताना हा धोका आणखी वाढतो.

मग दुखलं तर करायचं काय? गुडघ्याला आधी वेदनाशामक जेल लावून बघतात. जेलमधून रक्तात जाणारं डायक्लोफेनॅक तोंडाने घेतलेल्या गोळीच्या तुलनेत सुमारे ६ टक्केच असतं. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, पण गुडघ्याला तिचा उपयोग बेताचाच. तीही रोज ४ ग्रॅमपर्यंत घेतली तर रक्तदाब साधारण ५ अंकांनी वाढतो, असं एडिंबरातल्या २०२२ च्या चाचणीत दिसलं. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळ्यांत सोडियम असतं, म्हणजे मीठच. गोळी घ्यावीच लागली तर डॉक्टरांना विचारून, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस. आणि 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून मिळणारी, दोन दिवसांत चमत्कार करणारी बिनलेबलची पुडी घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे.

दुखतंय ते नक्की गुडघाच का?

आमच्या इमारतीतले एक काका सव्वा वर्ष गुडघ्याला निर्गुडीचं तेल चोळत होते. रोज पोस्टापर्यंत गेले की उजवी पोटरी आवळून यायची. दोन मिनिटं उभं राहिलं की पुन्हा चालता यायचं. एक्स-रेत झीज दिसत होती, त्या वयात ती अनेकांच्या एक्स-रेत दिसते, म्हणून सगळ्यांनी गुडघ्यावर खापर फोडलं. पायाच्या अंगठ्याजवळची जखम महिना झाला तरी भरेना, तेव्हा एका डॉक्टरांनी पावलावरची नाडी बघितली. ती लागलीच नाही. मांडीतली धमनी बरीचशी बंद झालेली होती.

फरक ओळखायला अवघड नाही. झिजलेला गुडघा बसून उठल्यावर पहिल्या पावलांना दुखतो, जिना उतरताना दुखतो, सकाळी आखडतो पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. धमनीचं दुखणं ठरावीक अंतर चाललं की येतं, बहुधा पोटरीत, आणि नुसतं उभं राहिलं की काही मिनिटांत जातं. कंबरेच्या मणक्यात नस दबली असेल तर उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. कुल्ल्यात चालताना येणारी कळ खुब्याची समजली जाते, ती कधी पोटातल्या मोठ्या धमनीच्या फाट्याची असते.

शंका आली तर एक साधी तपासणी आहे. घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब मोजून पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत असं समजतात. मधुमेहींच्या धमन्या कडक झालेल्या असतील तर उत्तर १.४ च्या वर जातं, आणि तेही चांगलं लक्षण नव्हे. कधी तर गुडघ्याचा साधा एक्स-रेच चुगली करतो: सांध्याच्या मागे रेल्वेच्या रुळांसारख्या दोन बारीक पांढऱ्या रेषा दिसतात. ती चुना साचलेली धमनी असते. आपण एक्स-रे बघताना फक्त हाडांमधलं अंतर विचारतो. पुढच्या वेळी मागच्या रेषांबद्दलही विचारा.

आणखी एक फसगत पोटरीच्या सुजेची. झिजलेल्या गुडघ्यातलं जास्तीचं पाणी मागच्या बाजूला साठून गाठ होते, तिला बेकर सिस्ट म्हणतात. ती फुटली की पोटरी सुजते, लाल होते, दुखते. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली तरीही नेमकं हेच दिसतं. वरून बघून डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही, सोनोग्राफी लागते. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली तर चोळायची नाही, शेकायची नाही. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं.

शेकण्यावरून आठवलं. ज्यांच्या पायाला मधुमेहामुळे बधिरपणा आहे किंवा रक्त कमी पोचतं, त्यांनी गरम पाण्याची पिशवी पायावर ठेवून झोपू नये. भाजलेलं कळत नाही आणि जखम भरत नाही. घट्ट नी-कॅप घालून झोपणं हीही अशीच एक चूक.

चालायचं कसं

पहिलं काम मोजमाप. रक्तदाब, साखर (मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी धरून), कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम सांगणारा आकडा. गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जातानाच हे करून न्या.

दुसरं, मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली आणायचा. दहा वेळा हा, दहा वेळा तो. श्वास रोखायचा नाही, त्याने रक्तदाब चढतो. पहिल्या दोन आठवड्यांत थोडं जास्त दुखल्यासारखं वाटतं आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. व्यायामाने आलेलं दुखणं दुसऱ्या दिवसापर्यंत उतरत असेल तर चालू ठेवायला हरकत नाही. गुडघा सुजला तर कमी करा.

तिसरं, चालणं. रोज १०,००० पावलांचा आकडा डोक्यात ठेवू नका. तो १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आला. गुडघ्याची झीज असलेल्यांवर अमेरिकेत झालेल्या २०१४ च्या अभ्यासात दिवसाला सुमारे ६,००० पावलं चालणाऱ्यांची हालचाल पुढे टिकून राहिलेली दिसली. तीही एका दमात नकोत. दहा मिनिटं सकाळी, दहा दुपारी, दहा संध्याकाळी असं वाटून घ्या. सपाट रस्ता, तळव्याला आधार देणारे बूट, आणि काठी वापरायची झाली तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. पायाच्या धमन्यांचा आजार असेल तर पोटरी दुखेपर्यंत चालणं, थांबणं, पुन्हा चालणं हाच डॉक्टर सांगतात तो व्यायाम असतो.

चौथं, वजन. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. पाच किलोंचे वीस होतात, आणि ते हजारो पावलांत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सेमाग्लुटाइड या इंजेक्शनने ६८ आठवड्यांत वजन सरासरी १३.७ टक्के उतरलं आणि गुडघादुखीही बरीच कमी झाली. ती चाचणी स्थूल माणसांवरची होती. शेजारच्याने घेतलं म्हणून आपण घ्यावं असं ते औषध नव्हे.

सांधा बदलायची वेळ आलीच, तर शस्त्रक्रियेआधी पावलांवरच्या नाड्या तपासून घ्यायला सांगा. पायाला रक्त नीट पोचत नसेल तर जखम भरायला त्रास होतो. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून रक्त पातळ ठेवणारं औषध देतात. ते दुखणं थांबलं म्हणून मध्येच बंद करायचं नसतं.

आणि पुढच्या वेळी कोणत्याही डॉक्टरांकडे जाल, हाडांच्या किंवा हृदयाच्या, तेव्हा फाइल विसरलात तरी चालेल, श्रीखंडाचा तो डबा मात्र पिशवीत टाका. तळातल्या पाकिटासकट.